काटोसाहेबांचे ‘हाय’ आणि काटेवाडीचे ‘हाय’

काश्मीरला किंवा विलायतेला जाऊन आलेली मंडळी प्रवासवर्णने लिहितात आणि आपण ती गिरगावात बसून वाचतो. मी गेलो तो बारामतीला. तिथून काटेवाडी, कळंब, इंदापूर आणि परत. एवढ्या प्रवासावर लिहायला बसलो म्हणून आमच्या चाळीत थट्टा चालू आहे. पण थट्टा करणाऱ्यांपैकी एकानेही बारामतीचा प्रवास जपानी माणसाबरोबर केलेला नाही.

मुंबईत एका जपानी कंपनीच्या कचेरीत मी दुभाष्याच्या कामावर होतो. दुभाष्या म्हणजे इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत. जपानी मला येत नव्हती आणि आमच्या काटोसाहेबांना मराठी येत नव्हती. मध्ये जी इंग्रजी होती ती दोघांनाही परकी होती. कंपनीने घासलेटवर चालणारी लहान इंजिने मागवली होती. बैलांऐवजी इंजिनाने उसाचा चरक फिरवायचा, अशी कल्पना. मंदी उतरली नव्हती, इंजिने गोदामात धूळ खात होती, आणि मोठ्या साहेबांनी स्पष्ट सांगितले होते की या उसाच्या हंगामात एकही गेले नाही तर इंजिनाचे खाते बंद. खाते बंद म्हणजे मी घरी आणि काटोसाहेब परत जपानात, कोबेला. मला घरी जायचे नव्हते, कारण घरी माझे सासरे येऊन राहिले होते. काटोसाहेबांना कोबेला जायचे नव्हते, ते का हे त्यांनी सांगितले नाही. त्या विषयावर ते फक्त चष्मा पुसत.

दौंड ते बारामती

दौंडला मोठी गाडी सोडून बारामतीच्या छोट्या गाडीत बसलो. इंजिन खोक्यात घालून मालडब्यात चढवले. छोटी गाडी इतक्या सावकाश चालते की एक गृहस्थ मध्येच उतरून रुळाकडेच्या बोरी झोडून परत डब्यात आले आणि त्यांनी आम्हालाही बोरे दिली. काटोसाहेबांनी ती दोन्ही हातांनी घेतली व बसल्या जागी वाकून आभार मानले. गृहस्थांनी घाबरून आणखी बोरे दिली.

काटोसाहेब तिशीचे, सडपातळ, गोल चष्म्याचे. पौषातल्या दुपारच्या उन्हातही गळपट्टा, म्हणजे टाय, सैल करायचे नाहीत. मी त्यांना वाटेत शहाणपण शिकवीत होतो. डाव्या हाताने खाऊ नका. आमटीचा भुरका मारू नका. कोणाच्या घरातल्या वस्तूची स्तुती करू नका, ती ते तुम्हाला देऊन टाकतील. आणि मुख्य म्हणजे इतके वाकू नका, भाव पडतो. दर वाक्याला ते मान हलवून “हाय” म्हणत. हा त्यांचा जपानी शब्द. कचेरीत दिवसभर तो ऐकून माझे कान इतके सरावले होते की घड्याळाच्या टिकटिकीसारखा तो मला ऐकूच येईनासा झाला होता.

दौंडपासून पिवळा माळ, बाभळी, मेंढरे. मग एकाएकी कालव्याचा मुलूख लागतो आणि दोन्ही बाजूंना हिरवा ऊस उभा राहतो. बारामतीच्या स्टेशनात उतरण्याआधी गुळाचा वास येतो. गावातल्या माश्यासुद्धा गुळामुळे सुस्त आहेत असे मला वाटले.

तिथल्या एका अडत्याकडे आम्ही प्रथम गेलो. काटोसाहेबांनी आपले नावाचे कार्ड दोन्ही हातांत धरून, वाकून, अडत्याच्या हाती दिले. अडत्या बोलता बोलता त्या कार्डाने पानाला चुना लावू लागला. काटोसाहेबांचा चेहरा पडला. बाहेर आल्यावर ते म्हणाले, “आमच्याकडे कार्ड म्हणजे माणसाचे तोंड.” त्यांच्या तोंडाने चुना लावला गेला होता याचे मला खरोखर वाईट वाटले. पण त्या अडत्यानेच पत्ता दिला. “काटेवाडीच्या तात्यांना भेटा. त्येंनला नव्या वस्तूचा लई नाद हाय. बारामतीत पयला ग्रामोफोन त्येंनी आणला. आन् इंदापुरात आबा हायती, त्येंची बागायत मोठी.”

आम्ही इंदापूरला आबांकडे येत असल्याचा निरोप धाडला, आणि सकाळी छकड्यात इंजिन घालून काटेवाडीची वाट धरली.

काटेवाडी

गुऱ्हाळ चालू होते. बैलजोडी चरकाभोवती फिरत होती, मोठ्या काहिलीत रस उकळत होता आणि धूर सरळ आमच्या डोळ्यांत येत होता. तात्या पन्नाशीचे, उंच, लाल पागोट्याचे. त्यांची थोरली बहीण आक्का घरची कारभारीण. तात्या बोलत आणि आक्का ठरवीत, हे मला लगेच कळले.

मी प्रथम माझे नाव सांगितले, “प्रधान.” दोन-चार लोक मागे सरकले. नंतर समजले की जपानच्या राजाचा प्रधान आला आहे अशी बातमी गुऱ्हाळाभर पसरली होती. पुढे दिवसभर मला बसायला घोंगडी आणि काटोसाहेबांना नुसते पोते मिळाले.

मग काटोसाहेबांनी कार्ड पुढे केले. तात्यांनी हात धोतराला पुसले, कार्ड दोन्ही हातांनी घेतले, कपाळाला लावले आणि आक्कांकडे दिले. आक्कांनी ते आत देव्हाऱ्यात ठेवून वर हळदकुंकू वाहिले. काटोसाहेब उघड्या दारातून पाहत होते. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

“सायबांचं नाव काय म्हणला?” तात्यांनी विचारले.

“काटो.”

“काटो?” तात्या हसले. “आवो, हितं समदी काटेच! मंग लांबचं का हुईना, भाऊबंद हायती आमचं.”

इंजिन खोक्यातून काढून चरकाजवळ बसवले, पट्टा चढवला. आता सुरू करायचे, तर आक्का ताम्हन घेऊन आल्या. इंजिनाला हळदकुंकू लावले, हार घातला, आणि तात्यांनी नारळ उचलला. नारळ ते त्या नव्याकोऱ्या चाकावर फोडणार हे पाहून मी आडवा आलो. परदेशी साहेबाच्या यंत्रावर नारळ! मी सांगत होतो की साहेबांना हे चालणार नाही, आणि तेवढ्यात काटोसाहेब पुढे झाले. पाय जुळवून त्यांनी इंजिनासमोर दोनदा कमरेत वाकून नमस्कार केला, दोनदा टाळी वाजवली आणि पुन्हा एकदा वाकले. त्यांच्या देशात देवासमोर असेच करतात म्हणे. मग एका म्हाताऱ्याने दोन टाळ्या वाजवल्या, पाठोपाठ सगळ्यांनी वाजवल्या. नारळ दगडावर फुटला, इंजिन फटफटले, चरक भरभर फिरू लागला. मोकळी झालेली बैलजोडी बाजूला उभी राहून आमच्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसत नव्हता.

जेवायला वांग्याची भाजी, आमटी, ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि ताजी काकवी होती. काटोसाहेबांनी माझी शिकवण विसरून आमटीचा असा भुरका मारला की ओसरीवरचे कुत्रे उठून बसले. मी शरमेने खाली पाहिले. आक्का मात्र खूश. “बगा, सायबास्नी गोडी लागली! न्हायतर हे परधान. जेवत्यात का आजारी हायती?” असे म्हणून त्यांनी मलाच दोन भाकऱ्या जास्त वाढल्या.

पुढे वेगळाच घोटाळा झाला. जपानात ताट चाटूनपुसून रिकामे करणे ही सभ्यता. आपल्याकडे रिकामे ताट म्हणजे वाढणारणीला आव्हान. काटोसाहेब संपवीत होते, आक्का वाढीत होत्या. दोघेही आपापल्या ठिकाणी अत्यंत सभ्य होते. काटोसाहेबांच्या कपाळावर घाम आला, तेव्हा मी त्यांना ताटावर दोन्ही हात आडवे धरायला सांगितले. ते ताटावर हात धरून वाकले. आक्कांना वाटले, साहेब अन्नाला नमस्कार करताहेत. गहिवरून त्यांनी हातांवरूनच काकवी वाढली.

जेवण झाल्यावर मी आंब्याखाली जरा पाठ टेकली. माझे काम बोलण्याचे, आणि काटोसाहेब बोलत नव्हते. तेव्हा थोडे झोपायला हरकत नाही असे मला वाटले.

जागा झालो तो ताशाच्या आवाजाने. लोक गूळ वाटत होते. काटोसाहेब मधोमध पागोटे बांधून बसले होते, गळपट्टा तसाच. चरकाजवळ बैलजोडी दिसेना. मी विचारले, “काय झाले?”

“परधानजी, तुमी निजला आन् आमचं काम झालं!” तात्या म्हणाले. “सायबास्नी आपली भाषा येती की! तुमी सांगितलं न्हाय. मी इच्यारलं, इंजनासंगं पाणी उपसायचा पंप फुकट हाय का? साहेब म्हणलं, हाय. मी इच्यारलं, सुगी सरंस्तवर तुमी सोता हितं हाय का? हाय. आन् इंदापुरात आबास्नी असलं इंजन द्याचं न्हाय, असं ठरल्यालं हाय का? तर वाकून म्हणलं, हाय!”

मी ताडकन उठून बसलो.

“आणखी काय विचारलंत?”

“घरचीच चौकशी. लगीन हाय? हाय. पोरंबाळं? हाय. किती, तर हाय म्हणलं, म्हंजी पुष्कळ असत्याल. भाऊबंदकीत तंटा हाय का? तर लगीच म्हणलं, हाय! म्हणलं, जपान म्हंजी आपल्यावानीच मुलूख दिसतुया.”

काटोसाहेबांचे लग्न झालेले नव्हते.

मी त्यांना बाजूला नेऊन सगळे इंग्रजीत सांगितले. त्यांच्या देशात समोरचा बोलत असता “हाय” म्हणायचे, कारण त्याचा अर्थ ‘तुमचे ऐकतो आहे’. गप्प बसणे उद्धटपणाचे. त्यांना वाटत होते, तात्या शेतीची माहिती सांगताहेत, म्हणून ते मनापासून ऐकत होते. आता ते पांढरेफटक पडले. मग मी तात्यांना समजावू लागलो. “तात्या, त्यांच्या ‘हाय’चा अर्थ ‘आहे’ असा नाही. ‘ऐकतोय’ असा आहे.”

तात्या थांबले. “बरं. मंग खरंच व्हय म्हणायचं आसंल तर काय म्हणत्यात?”

मी काटोसाहेबांना विचारले. ते म्हणाले, “हाय.”

“आन् न्हाय म्हणायचं आसंल तर?”

काटोसाहेबांनी खूप विचार केला. शेवटी ते हळूच म्हणाले, “तसे आम्ही सहसा म्हणत नाही.”

ताशा केव्हाच थांबला होता. तात्यांचे तोंड उतरले. आक्का पुढे आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “बैलं वरकुट्याच्या जावयाला दिऊन टाकली. आत्ताच घिऊन गेला. इंजन आलं म्हणून दिली. जावयाला दिल्यालं माघारी मागत्यात व्हय?”

आता मला परिस्थिती कळली. पंधरवड्यात तोडून गाळायचा ऊस शेतात उभा, चरकाला बैल नाहीत, आणि वरकुट्याच्या वाटेवर जावई बैलांच्या शिंगांना गोंडे बांधून गावोगाव दाखवीत चालला असणार. इकडे फुकट पंप दिला तर मोठे साहेब आम्हा दोघांना समुद्रात टाकतील, आणि काटोसाहेबांनी हंगामभर इथे राहणे अशक्य.

हे सर्व मी काटोसाहेबांना सांगितले. ते ताठ उभे राहिले. “त्यांनी माझा शब्द समजून बैल दिले,” ते म्हणाले. “हे मिटेपर्यंत मी इथून हलणार नाही. तुम्ही इंदापूरला जा. आबांना वेळ दिली आहे, ती मोडायची नाही. पण तिथे काही विकू नका. फक्त ऐका.”

फक्त ऐका! ऐकण्यानेच हा प्रसंग ओढवला होता. मी मनात ठरवले की इंदापूरला जाऊन आबांना दुसरे इंजिन विकायचे, म्हणजे निदान खाते वाचेल.

कळंब, इंदापूर

सर्व्हिस मोटारीत कोंबड्यांसह बसलो. मोटार प्रथम आडवाटेने कळंबला शिरली, कारण ड्रायव्हरला तिथे मावशीकडे काही द्यायचे होते. मावशीने सगळ्या मोटारीला चहा केला. मुंबईत ट्राम दोन मिनिटे थांबली तर आम्ही वर्तमानपत्रात पत्रे लिहितो. इथे कोणी हुं की चूं केले नाही, उलट एकाने दुसऱ्यांदा चहा मागितला. पुढे निमगावचे पानमळे लागले. उन्हातून आल्यावर त्या हिरव्या सावलीतून नुसते जातानाही तोंड रंगल्यासारखे वाटते.

इंदापूरचे आबा म्हणजे गोरेपान, मृदू, कानात भिकबाळी असलेले गृहस्थ. त्यांनी मला लोडाशी बसवले. काय ते आदरातिथ्य! मी इंजिनाचे गुण सांगू लागलो. आबा डोळे अर्धवट मिटून दर वाक्याला म्हणत, “व्हय, व्हय.”

“आबा, बैलांपेक्षा काम दुप्पट.”

“व्हय. बरूबर हाय.”

“तुमच्या बागेला तर हे लागणारच.”

“लागंल की. का न्हाय?”

“मग मागणी लिहून घेऊ?”

“ल्या की.”

“केव्हा पाठवू?”

“पाठवा की सावकाश. तुमी म्हणाल तसं.”

असले सालस गिऱ्हाईक मी जन्मात पाहिले नव्हते. किमतीला एक अवाक्षर नाही. तीन दिवसांच्या पाहुणचारानंतर निघताना त्यांनी टोपलीभर पेरू माझ्या स्वाधीन केले आणि वेशीपर्यंत पोचवायला आले. परतीच्या मोटारीत मी कोंबड्यांनाही पेरू दिले. काटोसाहेबांना धंदा कसा करतात हे आता दाखवायचे होते.

पुन्हा काटेवाडी

काटेवाडीला उतरलो तो गुऱ्हाळामागे गर्दी. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, पुरुष गंभीर होते. मी वाट काढून पुढे गेलो. तीन दगडांवर एक जुनी काहील ठेवलेली, खाली विस्तव, आत वाफाळते पाणी आणि त्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेले काटोसाहेब. डोक्यावर घडी केलेला पंचा, डोळ्यांवर चष्मा, चेहऱ्यावर परमानंद.

मी किंचाळलो, “तात्या! हे काय चालवलंय?”

“आमी न्हाय वो!” तात्या हात जोडून म्हणाले. “सोता बसल्याती! काल काहील धुताना ऊन पाणी बगितलं, आन् आत बसतू म्हणून खुणा कराय लागलं. आक्का म्हणली, पाव्हणा हाय, पर शिजला तर? म्हणून मी मघापासनं बोट घालून बगतुया.”

काटोसाहेब वाफेतून म्हणाले, “प्रधान, माझ्या गावी घरोघरी अशीच न्हाणी असते. लोखंडी कढई, खाली जाळ. बुडाला लाकडी फळी लागते, ती मी मागून घेतली. मुंबईला आल्यापासून मी आंघोळ केलीच नव्हती. अंगावर पाणी ओतत होतो.”

या काही दिवसांत त्यांनी तात्यांच्या गड्यांना इंजिन चालवायला शिकवले होते. ऊस गाळला जात होता, ढेपा निघत होत्या. मी नव्हतो तेव्हा एकही शब्द न चुकता सगळे व्यवस्थित चालले होते. ही गोष्ट मला फारशी आवडली नाही.

न्हाणे आटोपल्यावर ओसरीवर मी विजयी मुद्रेने इंदापूरची हकीकत सांगितली. आबांनी इंजिन घेतले! तात्यांनी शांतपणे विचारले, “भाव करताना भांडलं का?”

“मुळीच नाही.”

“हितली खोट, तितली खोट काडली?”

“छे! ‘व्हय, व्हय’ म्हणाले.”

“आन् ही पेरूची टोपली त्येंनी दिली?”

“हो. वेशीपर्यंत आले पोचवायला.”

तात्यांनी आक्कांकडे पाहिले. आक्का पदर सावरीत म्हणाल्या, “मंग न्हाय म्हणलं.”

“पण ते तर व्हय म्हणाले!”

“ते तुमचं ऐकत हुतं,” तात्या म्हणाले. “आबास्नी घ्याचं आसंल तर दीस दीस भांडत्यात. घ्याचं नसंल तर फळं देत्यात.”

मी हे काटोसाहेबांना भाषांतर करून सांगितले. ते जराही चकित झाले नाहीत. “बरोबर,” ते म्हणाले. “आमच्याकडेही नकार द्यायचा असला की आधी काहीतरी भेट देतात. तुम्हाला पेरू पाहताच समजायला हवे होते.”

ते दोघे एकमेकांकडे पाहून मान हलवू लागले. मी पेरू खात बसलो.

थोड्या वेळाने तात्या उठले. “परधानजी, एक काम करा. तुमी त्या आंब्याखाली जाऊन निजा.”

“मी? का?”

“बोलण्यानं लई घोटाळा झाला. त्यो समदा पुसला. पंप न्हाय, ऱ्हाणं न्हाय, आबाची आटबी न्हाय. आता आमी दोघं बोलणार न्हाय.”

त्यांनी खांद्यावरचे उपरणे काढले, काटोसाहेबांचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि दोन्ही हातांवर ते पसरले. गुरांच्या बाजारात असाच सौदा होतो. उपरण्याखाली बोटे दाबून किंमत सांगतात, तोंडाने चकार शब्द नाही. मी गळा काढून म्हणालो, “तात्या, साहेबांना यातले काही कळत नाही! ते काय दाबतील याचा नेम नाही!”

“परधानजी, आंबा,” तात्या म्हणाले.

मी आंब्याखाली गेलो. झोपलो मात्र नाही. झोपेचा परिणाम मी एकदा पाहिला होता. लांबून एवढेच दिसत होते की काटोसाहेब शांत बसले आहेत, आणि तात्यांचा चेहरा सारखा बदलतो आहे. प्रथम खुशी. मग आश्चर्य. मग अवघडल्यासारखे. मग त्यांनी पागोटे मागे सारले, आक्कांकडे पाहिले, आक्कांनी मान डोलावली. उपरणे हलले आणि तात्यांनी ते झटकून खांद्यावर टाकले. काटोसाहेब वाकले. तात्याही वाकले. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली आणि सौदा पक्का झाला.

बारामतीहून परत

निघताना आक्कांनी मला गुळाची एक छोटी ढेप दिली. काटोसाहेबांना हिरवा खण दिला, “जपानच्या वैनीस्नी.” मी खुलासा करायला तोंड उघडले, पण काटोसाहेबांनी तो दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला, तेव्हा मी तोंड मिटले. आक्कांनी डोळ्याला पदर लावला.

बारामतीच्या स्टेशनावर तात्या मला बाजूला घेऊन म्हणाले, “परधानजी, असला माणूस बगितला न्हाय. मी पयल्यांदा लई कमी दाबली, रीत हाय म्हणून. सायबानं तीच बोटं माघारी दाबली. मला वाटलं, झालं, येवढ्यात दिलं? मलाच लाज वाटली. आपल्या घरी जेवल्याला माणूस, त्येला लुबाडायचं? म्हणून मी एक बोट वाडवलं. त्येंनीबी तेवढंच दाबलं. पुना मलाच कसंतरी झालं. आसं करत करत, मीच माझा भाव वाडवत गेलो. शेवटाला आक्कानं मान हालवली तवा थांबलो.” मग त्यांनी किंमत माझ्या कानात सांगितली. मोठ्या साहेबांनी आम्हाला सांगून ठेवलेली किंमत तीच होती.

गाडी हलली. तात्या रुळांच्या कडेने चालत होते, आणि गाडी बारामतीची असल्यामुळे बराच वेळ आमच्याबरोबर होते. ते मागे पडल्यावर मी काटोसाहेबांना म्हणालो, “साहेब, ते उपरण्याखाली हात धरणे म्हणजे निरोपाचा नमस्कार नव्हता. तुम्ही इंजिन विकले आहे.”

“ठाऊक आहे,” ते म्हणाले.

“काय?”

“माझे आजोबा गुरांचे व्यापारी होते. डोंगरात, कोबेच्या पलीकडे. आमच्याकडे बाही रुंद असते, हात बाहीत घालून बोटे दाबतात. लहानपणी मी त्यांच्या शेजारी बसत असे.”

“मग तुम्ही तीच बोटे परत का दाबलीत? पहिल्याच भावाला होकार दिलात?”

काटोसाहेबांना नवल वाटलेले दिसले. “होकार? तात्यांनी सांगितलेले मला कळले, एवढेच मी सांगत होतो. मग ते पुन्हा बोलत. मग मी पुन्हा सांगे, कळले. फार मोकळ्या मनाचे गृहस्थ.”

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. ऊस मागे गेला होता आणि माळ लागला होता. काटोसाहेबांनी खिशातून हातरुमाल काढला, माझा हात ओढून घेतला आणि दोन्ही हातांवर तो पसरला. “तुम्हालाही यायला हवे,” ते म्हणाले. “ती गुळाची ढेप मला विका.”

समोरच्या बाकावरची मंडळी सरकून जवळ आली. मी आपला भरमसाट भाव सांगितला. चार बोटे गच्च दाबली. काटोसाहेबांनी माझ्याकडे प्रसन्नपणे पाहत तीच चार बोटे हळुवार दाबली. मला कसेतरीच वाटले. एवढा भला माणूस. मी एक बोट कमी केले. त्यांनी तेवढेच दाबले, आणि मान लववली.

दौंड आले तेव्हा ढेप त्यांच्या मांडीवर होती आणि मी त्यांचे आभार मानीत होतो.